कुत्र्याने चॉकलेट खाल्ले तर: आधी हिशेब, मग फोन

चॉकलेट खाऊन तास झाला, कुत्रा मजेत शेपूट हलवतोय, खेळतोय. म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि चूक नेमकी तिथेच होते. चॉकलेटच्या विषबाधेची लक्षणे साधारण ६ ते १२ तासांनी दिसू लागतात. उलटी करवून ते पोटातून काढायची सर्वांत चांगली वेळ मात्र पहिल्या दोन तासांतली. लक्षणांची वाट बघत बसलात तर ही वेळ हातची जाते. तेव्हा कुत्र्याकडे बघून नव्हे, रॅपरकडे बघून निर्णय घ्यायचा.

विष कशात असते? कोकोमधल्या थिओब्रोमीनमध्ये, आणि त्याच्या जोडीला थोड्या कॅफिनमध्ये. माणसाचे यकृत थिओब्रोमीन बऱ्याच लवकर निकालात काढते. कुत्र्याच्या अंगातून त्यातले निम्मे जायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. तोवर ते हृदय आणि मेंदू दोन्हींना डिवचत राहते. साखर, दूध किंवा तूप-लोणी हा इथे मुख्य प्रश्न नाही. कोको किती, हाच प्रश्न.

पहिली पाच मिनिटे अशी वापरा. कुत्र्याला त्या जागेवरून हलवा, तोंडात काही उरले असेल तर काढा. रॅपर, पुठ्ठा, चांदी, जे सापडेल ते गोळा करा, कचऱ्याच्या डब्यातलेसुद्धा. निव्वळ वजन, कोकोची टक्केवारी आणि घटकांची यादी वाचा. किती उरले ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा आणि मूळ वजनातून वजा करा. नक्की सांगता येत नसेल तर जास्तीत जास्त जेवढे खाल्ले असू शकेल तेवढे धरा. घरात दोन कुत्री असतील तर सगळे एकानेच खाल्ले असे समजून दोघांचाही वेगवेगळा हिशेब करा. कुत्र्याचे वजन ठाऊक नसेल तर त्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

एका ग्रॅममध्ये थिओब्रोमीन आणि कॅफिन मिळून साधारण किती असते, ते असे:

पांढरे चॉकलेट: जवळजवळ शून्य
मिल्क चॉकलेट: २.३ मिलिग्रॅम
साधे डार्क, ४५ ते ६० टक्के कोकोचे: ५.५ मिलिग्रॅम
कडक डार्क, ७० टक्के आणि वर: ९ मिलिग्रॅम
बिनसाखरेचे बेकिंग चॉकलेट: १६ मिलिग्रॅम
कोको पावडर: २८ मिलिग्रॅम

हे आकडे सरासरीचे आहेत, कंपनीनुसार थोडे इकडेतिकडे होतात. केकसाठी आणतो त्या डार्क कंपाउंडच्या लादीवर टक्केवारी नसेल तर ती डार्कमध्ये धरा. इन्स्टंट कॉफीची पूडही याच हिशेबात बसवा, तिच्यातले कॅफिन कोको पावडरीच्याच आसपास जाते.

हिशेब सोपा आहे. खाल्लेले ग्रॅम गुणिले वरचा आकडा, भागिले कुत्र्याचे वजन किलोमध्ये. उत्तर येते ते किलोमागे मिलिग्रॅममध्ये. ते २० च्या आसपास आले की उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा. ४० ते ५० च्या घरात हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येऊ शकतात, आणि १०० च्या पुढचा आकडा सरळ जिवावरचा.

आता उदाहरणे घेऊ, कारण घोटाळा इथेच होतो. आठ किलोच्या पगने ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्ले: ११५ भागिले ८, म्हणजे १४. पोट बिघडेल, लक्ष ठेवावे लागेल, पण सहसा निभावते. त्याच पगने साधे डार्क तेवढेच खाल्ले तर ३४, म्हणजे दवाखाना. आणि ओट्यावर ठेवलेल्या बरणीतून एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम कोको पावडर चाटली तर उत्तर २४ ते २५. एक चमचा पावडर अख्ख्या मिल्क चॉकलेटच्या वडीला भारी पडते! चार किलोच्या पॉमेरेनियनला ४० ग्रॅमची साधी मिल्क चॉकलेटची वडीही २३ पर्यंत नेते. उलट तीस किलोचा लॅब्रॅडॉर १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट फस्त करून ८ च्याही खालीच राहतो, पण १०० ग्रॅमचे कोकोचे पाकीट फाडले तर तोच ९३ वर पोहोचतो. ‘आमचा मोठा आहे, त्याला काही होत नाही’ हे वाक्य मिल्क चॉकलेटच्या एखाद्या वडीपुरतेच खरे.

घरी केलेल्या केकचा हिशेब कृतीवरून काढा. ५० ग्रॅम कोको घालून केलेल्या केकचे दहा तुकडे केले असतील तर प्रत्येकात ५ ग्रॅम कोको, म्हणजे १४० मिलिग्रॅम. वर डार्क चॉकलेटचे गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेल्या चॉकलेटचा थर, असेल तर ते वेगळे मिळवा.

उत्तर १५ च्या वर आले तर लगेच पशुवैद्याला फोन करा. पिल्लू, म्हातारा कुत्रा, गाभण कुत्री, हृदयाचा किंवा फिटचा आजार असलेला कुत्रा यांच्या बाबतीत आकडा कितीही आला तरी करा. फोनवर चारच गोष्टी सांगा: वजन, चॉकलेटचा प्रकार, ग्रॅम आणि खाऊन झालेला वेळ. ‘थोडंसंच खाल्लंय’ याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. अमेरिकेत असाल तर एएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेचे विषबाधा केंद्र ८८८-४२६-४४३५ वर, ब्रिटनमध्ये अॅनिमल पॉयझनलाइन ०१२०२ ५०९००० वर. दोन्ही सल्ल्याचे पैसे घेतात.

शुगर-फ्री चॉकलेट असेल तर वरचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचा क्रमांक ९६७ शोधा. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही कोसळू शकते, किलोमागे ०.१ ग्रॅम एवढेच त्याला पुरे होते, आणि जास्त प्रमाणात यकृत निकामी होते. ते दिसले की फोन करत करतच निघा. माल्टिटॉल, म्हणजे ९६५, असेल तर साखर अशी कोसळत नाही, जुलाब होतात. मनुके घातलेले चॉकलेट हेही वेगळे प्रकरण: मनुक्यांनी मूत्रपिंडे जाऊ शकतात, म्हणून ते जरूर सांगा.

घरगुती उपायांबद्दल जरा कडक बोलणे भाग आहे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटी नाही झाली तर ते सगळे मीठ रक्तात जाते, आणि वाढलेल्या सोडियमनेच मेंदूला सूज येऊन झटके येतात. घशात बोटे घालू नका. दूध, ताक, तूप, कच्चे अंडे यांपैकी कशानेही थिओब्रोमीन मरत नाही. तूप उलट स्वादुपिंडाला त्रास देते. परदेशी लेखांत हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगितलेले असते, ते ३ टक्क्यांचे. आपल्याकडे औषधांच्या दुकानातली बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, आणि ती अन्ननलिका आणि जठर भाजते. ३ टक्क्यांचेही डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय नको. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती जास्त. चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा कुटून देणे म्हणजे दवाखान्यात देतात तो विष शोषून घेणारा औषधी चारकोल नव्हे.

मग करायचे काय? पाणी समोर ठेवा. दर तास-दोन तासांनी पट्टा लावून लघवीला न्या. हे उगाच सांगत नाही: थिओब्रोमीन लघवीत उतरते आणि मूत्राशयात साचून राहिले तर तिथून परत रक्तात शोषले जाते. पळवू नका, खेळवू नका, खोली थंड आणि शांत ठेवा.

लक्ष ठेवताना नुसते ‘बरा दिसतोय’ म्हणू नका, मोजा. मागच्या पायाच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटे टेकवून नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. निवांत पडलेल्या मोठ्या कुत्र्यात ६० ते १००, लहानग्यांत १०० ते १४० ठीक. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या आत हवा. गुदद्वारातून घेतलेला ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असावा, १०४ च्या वर धोका. नाडी वाढत चालली, अंग थरथरू लागले, पाय ताठरले, चालताना झोक जाऊ लागला तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. झटका आलाच तर आजूबाजूच्या वस्तू सरकवा, दिवा मंद करा, वेळ मोजा. तोंडात हात किंवा चमचा घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणे तर कृपा करून विसरा.

या विषावर उतारा नाही. दवाखान्यात इंजेक्शनने उलटी करवतात, आणि चॉकलेट पोटात गोळा होऊन चिकटून राहत असल्याने उशीर झाला तरी कधी कधी त्याचा उपयोग होतो. नंतर औषधी चारकोल देतात, कधी पुन्हा पुन्हा, कारण थिओब्रोमीन पित्तावाटे आतड्यात परत येते. सलाइन, ईसीजी, ठोके आवरायचे आणि झटके थांबवायचे औषध, गरज पडल्यास लघवीची नळी. गंभीर केसमध्ये हे तीन दिवसही चालते. दुसऱ्या दिवशी ‘बरा झाला’ म्हणून हट्टाने घरी नेऊ नका.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस बिनतुपाचा मऊ भात आणि कातडी काढून उकडलेले चिकन, थोडे थोडे. चॉकलेटमधल्या स्निग्धांशाने एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतोय आणि मागचा भाग वर ठेवतोय, जेवणाला तोंड लावत नाही, पुन्हा ओकतोय, तर परत दाखवा.

सांभाळायच्या जागा तुम्हाला ठाऊकच आहेत, फक्त तीन विसरल्या जातात: मुलांचे दप्तर, पाहुण्यांची जमिनीवर टेकवलेली पर्स, आणि दिवाळीत कपाटावर ठेवायच्या ऐवजी सोफ्यावर राहिलेला भेटीचा डबा. लोणावळ्याहून आणलेल्या चॉकलेट फजचा पुडाही त्यातलाच. केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या घरांत कोको आणि बेकिंग चॉकलेट फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, बंद कपाटात हवे. प्लॅस्टिकची पिशवी कुत्र्याला अडवत नाही.

बागवाल्यांसाठी एक: कुंड्यांत घालतो ते कोकोपीट नारळाच्या काथ्याचे असते, त्यात थिओब्रोमीन नाही. परदेशात झाडांखाली पसरतात ती कोकोच्या बियांची टरफले मात्र वेगळी, त्यांत थिओब्रोमीन ग्रॅममागे साधारण ९ मिलिग्रॅम असते आणि वास चॉकलेटचाच येतो.