कोकणात जमीन घेताय? विसार देण्याआधी या चुका टाळा

चिपीला विमानतळ झाला, अटल सेतूमुळे अलिबाग मुंबईच्या जवळ आलं, तेव्हापासून आयुष्यातली पहिली गुंतवणूक कोकणातल्या जमिनीत करणारे बरेच भेटतात. त्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं, की भावाची घासाघीस नंतर करा. इथला व्यवहार भावापायी क्वचितच अडतो. तो अडतो सातबाऱ्यावरच्या नावांमुळे, आणि बऱ्याचदा तिथे नसलेल्या नावांमुळे.

गावातला भाऊ म्हणजे एकटा मालक नव्हे

इथल्या जमिनी पिढ्यान् पिढ्या सामाईक राहिल्या आहेत. एकाच सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची रांग असते. त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले, आणि त्यांची वारसनोंद कुणी केलेली नसते. गावातला भाऊ वाडी राखतो, आंबे उतरवतो, गडगा दुरुस्त करतो, म्हणून नवखा माणूस त्यालाच मालक समजतो आणि त्याच्या हातात विसार ठेवतो.

बहिणींचं तर विचारूच नका. त्यांची नावं ‘इतर हक्क’ रकान्यात ढकललेली असतात किंवा मुळीच नसतात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे “तिचं लग्नात सगळं केलंय, ती काही मागायची नाही” असं कुणी म्हणालं की व्यवहार तिथेच थांबवा. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही तरी हवी. तोंडी संमतीवर विसंबू नका.

एकाच भावाचा अविभक्त (वाटप न झालेला) हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कागदावर हिस्सा मिळतो, पण नेमकी कुठली जागा तुमची हे वाटपाशिवाय ठरत नाही. महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप मागता येतं, मात्र मालकीचाच वाद निघाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि तुमचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडतात. वाटप आणि सरकारी मोजणी विकणाऱ्याने आधी करून द्यावी, ही अट घाला. भाव थोडा चढला तरी चालेल.

मुंबईकरांच्या वतीने कुणी कुलमुखत्यारपत्र दाखवलं, तर ते देणारा हयात आहे ना आणि त्याने ते रद्द केलेलं नाही ना, हे त्याच्याशी स्वतः बोलून पाहा.

सातबारा शेवटपर्यंत वाचा

क्षेत्र आणि नाव बघून उतारा घडी घालून ठेवतात, आणि महत्त्वाचं तेच राहून जातं. भोगवटादार वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. कुळाचं नाव किंवा कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असेल, तर जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी) काढून वकिलाला दाखवा. ‘खाजगी वन’ असा शेरा दिसला तर 1975 च्या कायद्याखाली ती जमीन सरकारजमा झालेली असू शकते. एजंट काहीही सांगो, मी तरी नवख्याला तिकडे फिरकू देणार नाही. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सामाईक कसलेल्या जमिनींचा, प्रश्न स्वतंत्रच आहे.

तुम्ही शेतकरी खातेदार नसाल, तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. काही एजंट ‘शेतकरी दाखल्याची सोय करतो’ म्हणतात. तसा बनावट दाखला उघडकीला आला तर जमीन सरकारजमा होऊ शकते.

पाच गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’

रत्नागिरी-सिंधुदुर्गात 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही ते) 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे. रहिवासी झोनमधल्या तुकड्यांचे नियम अलीकडे सैल झालेत, पण शेतझोनमधला पाच गुंठ्यांचा तुकडा स्वतंत्र सातबाऱ्यासह देतो म्हणणाऱ्याला आधी मंजूर रेखांकन (लेआउट) मागा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा.

समुद्राला लागून जमीन घेताना तर घाई नकोच. कोकणातल्या बहुतेक किनारी गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम जवळपास बंद आहे.

प्रकल्पाच्या बातमीवरही पैसे लावू नका. नाणार रिफायनरीची अधिसूचना 2017 ची, ती 2019 मध्ये रद्द झाली.

जागा मे महिन्यात बघा, जुलैत पुन्हा जा

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जुलैत कळतं की पऱ्या (पावसाळी ओढा) जागेतून वाहतो का आणि गाडी वरपर्यंत चढते का. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे मोजणीच्या ‘क’ प्रतीवर पाहा. कातळसड्यावर पोटखराबा (लागवडीला न चालणारा भाग) किती तेही बघा. कलमांची बाग असेल तर झाडं कुणाच्या नावावर आणि यंदाचा हंगाम कुणाला खंडाने दिलाय, हे गावात विचारा.

आधीच अडकला असाल तर

विसार दिल्यावर वारस राहिल्याचं कळलं, तर पुढचा हप्ता थांबवा. त्या वारसाला खरेदीखतात मान्यता देणार म्हणून घ्या. खरेदी होऊन फेरफार नामंजूर झाला, तर निर्णयाच्या आदेशाची नक्कल लगेच काढा; उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलाला 60 दिवस मिळतात. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झालंय पण मालक खरेदीखताला टाळतोय, तर ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, 3 वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. ‘गणपतीला सगळे गावाला येतील तेव्हा बघू’ या उत्तरावर दरवर्षी थांबत राहिलात तर ती मुदत निघून जाते, म्हणून पहिल्याच टाळाटाळीला वकिलाची लेखी नोटीस पाठवा.