वाणसामान आणून देण्याच्या सेवेत मोबदला वेगळा ठेवावा
नोकरदार कुटुंबांना वाणसामान आणि भाजी घरपोच आणून देण्याचे काम सुरू करताना, पायी जाता येईल अशा दोन-तीन सोसायट्याच आधी घ्याव्यात. मालाच्या दरात आपला नफा मिसळू नये. पाकीटबंद वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विकणे कायद्याला धरून नाही, शिवाय दुकानाचे मूळ बिल हाती देऊन फेरीचा मोबदला वेगळा सांगितला, की हिशेबाचे वाद सहसा उद्भवत नाहीत. यादी घेतानाच तूरडाळ, तेल, चहा यांचा नेहमीचा ब्रँड, वजन आणि तो न मिळाल्यास काय आणायचे, हे लिहून घ्यावे. वांगी-भेंडीची पसंती मात्र घरोघरी निराळी, तेव्हा मंडईतूनच फोटो पाठवून विचारलेले बरे. सामानाचे पैसे यादीसोबतच यूपीआयने आगाऊ घ्यावेत.