वेणीची वीण पहिल्यांदा घालताय? आधी १८ टाक्यांचा तुकडा विणा

वेणीचं स्वेटर बघितलं की वाटतं हे आपल्याला कुठलं जमायचं, मीही कितीतरी वर्षं नुसतं सुलट-उलटच विणत होते. पण खरं सांगते, वेणी म्हणजे फक्त टाक्यांची अदलाबदल आहे.

थेट स्वेटरला हात घालू नका. फिकट रंगाची जरा जाड लोकर घ्या (काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत), ८ नंबरच्या सुया घ्या आणि १८ टाके घाला. ६ उलट, ६ सुलट, ६ उलट, आणि मागच्या बाजूने ६ सुलट, ६ उलट, ६ सुलट. अशा ४ ओळी झाल्या की पाचव्या ओळीत मधल्या ६ पैकी पहिले ३ टाके न विणता एका छोट्या सुईवर घेऊन पुढे सोडायचे, पुढचे ३ सुलट विणायचे आणि मग छोट्या सुईवरचे ३ सुलट विणायचे, झाला पीळ! तो डावीकडे झुकतो, छोटी सुई मागे धरली तर उजवीकडे. मग तिथून पुढे दर सहाव्या ओळीत (म्हणजे ११, १७, २३...) हेच. खास सुई नसली तर गुळगुळीत पेन्सिलचा तुकडाही चालतो.

आणि हो, पीळ घालायच्या आधीच्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून दाभणाने वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. चुकलं तर बिनधास्त उसवा, उसवण त्या दोऱ्यापाशीच थांबते आणि टाके परत सुईवर घेता येतात.

पीळ घातलेली ओळ घट्ट लागते, तेव्हा ओढाताण करू नका.