वाफेच्या इंजिनाचा दाब का उतरतो? सिम्युलेटरवर या चुका टाळा

संगणकावर वाफेचे इंजिन चालवणाऱ्या नवख्या चालकाची गाडी बहुधा चढावर थांबते आणि तो दोष चढाला देतो. वास्तविक ती गाडी पाच-दहा मिनिटांपूर्वी, सपाट रुळांवर असतानाच, हातची गेलेली असते. दाबमापकाच्या काट्यात दिसतो तो मागच्या काही मिनिटांत टाकलेल्या कोळशाचा आणि बॉयलरमध्ये सोडलेल्या पाण्याचा परिणाम. त्यामुळे काटा उतरल्यावर फावडे हाती घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

आपल्या नागपूरहून आमल्याकडे जाताना तीगाव–चिचोंडा घाट लागतो. तो डोळ्यांसमोर ठेवून विचार करू. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचा कमाल दाब दर चौरस इंचाला २१० पौंड असतो. चढाच्या पायथ्याशी काटा २००च्या आसपास, बॉयलरमधील पाणी दाखवणाऱ्या काचेत पातळी पाऊण आणि भट्टीत लख्ख पेटलेला, जाळीभर सारखा पसरलेला विस्तव हवा. ही तयारी नसताना चढाला लागणे हीच पहिली चूक.

सर्वांत महागात पडणारी चूक इंजेक्टरची, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या साधनाची आहे. बॉयलरमधील पाणी त्या दाबाला सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेले असते आणि त्यात टेंडरमधले (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातले) थंड पाणी आले, की दाब उतरणारच. मी स्वतः सुरुवातीला पातळी अर्ध्याखाली गेलेली पाहून ऐन चढावर दोन्ही इंजेक्टर एकदम उघडत असे. पातळी वर येई, पण काटा १९० वरून १५० वर घसरे आणि मग ना वेग उरे, ना तो परत मिळवण्याइतकी वाफ. एकच इंजेक्टर बारीक धारेने सतत चालू ठेवावा. अधिकचे पाणी, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद असताना किंवा जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व उडण्याच्या बेतात असताना भरून घ्यावे, म्हणजे वाया जाणारी उष्णता पाण्यात साठते.

काचेवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. चढावर पाणी मागे, म्हणजे भट्टीच्या बाजूला सरकते आणि काच पातळी आहे त्याहून जास्त दाखवते. माथा ओलांडून इंजिन उताराला लागले, की तेच पाणी पुढे धावते, भट्टीचे छत पाण्याबाहेर उघडे पडू शकते आणि प्रत्यक्षात ही स्थिती बॉयलर फुटण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून माथा येण्याआधीच पातळी पुरेशी करून घ्यावी. उलट काच काठोकाठ भरली, तर वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जाते, तेही टाळावे.

कोळशाचा ढीग एकदम लोटणाऱ्यांनी धुरांड्याकडे पाहावे. काळाकुट्ट धूर म्हणजे हवा न मिळाल्याने वाया गेलेला कोळसा, तर धूर अजिबात नसणे म्हणजे बहुधा विस्तव विरळ झाल्याची खूण. फिकट करडा धूर चांगला. कोळसा थोडा-थोडा, पण वारंवार टाकावा.

रिव्हर्सर, म्हणजे पिस्टनच्या फेरीच्या किती भागात वाफ आत जावी हे ठरवणारा दांडा, पूर्ण पुढे ठेवून चालवणेही असेच घातक, कारण त्यात पिस्टनच्या जवळजवळ पूर्ण फेरीभर वाफ आत जाते आणि तिच्या प्रसरणातून मिळणारे काम फुकट जाते. गाडीने वेग धरला, की रिव्हर्सर टप्प्याटप्प्याने मागे घेऊन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत आणावा. स्थानकात थांबताना रेग्युलेटर मिटला, की भट्टीत हवा ओढणारा धुरांड्यातला वाफेचा झोत थांबतो आणि भट्टी मंदावते. तेव्हा धुरांड्यात थेट वाफ सोडून हवा ओढणारा ब्लोअर सुरू करण्यास विसरू नये.

एवढे करूनही दाब १४० च्या खाली गेला, तर गाडी रेटत राहू नये. निर्वात (व्हॅक्यूम) ब्रेक सुटे ठेवण्यासाठी नळीतली हवा ओढून काढणाऱ्या इजेक्टरलाही वाफ लागते. ती अपुरी पडली, की ब्रेक चाकांना लागू लागतात. पातळी अर्ध्याच्या वर असल्यास इंजेक्टर बंद करावा, रेग्युलेटर मिटून गाडी उभी करावी, ब्लोअर पूर्ण उघडावा, विस्तवातील विरळ जागा पातळ थराने भराव्यात आणि काटा १९० ओलांडेपर्यंत थांबावे. वेळापत्रकातील काही मिनिटे जातील, परंतु पुढचा चढ पूर्ण होईल.