फोर बाय फोरने आडरानात मुक्काम: या चुका टाळा

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, असली की ती अडकत नाही, हा समज आधी काढून टाका. अडकतेच. फक्त साध्या गाडीपेक्षा दहा किलोमीटर आत जाऊन अडकते. नळ नाही, संडास नाही, फोनला रेंज नाही अशा कच्च्या रस्त्याकडेला मुक्काम असेल, तर महागात पडणाऱ्या बहुतेक चुका तंबू ठोकण्याच्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

टायरमधली हवा

डांबरी रस्त्यावरची ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा तशीच ठेवून वाळूत शिरलात, तर टणक टायर वाळू कापत खाली जातो. हवा १८ पर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं आणि तीच गाडी वाळूवरून अलगद निघते. खडीच्या रस्त्याला साधारण २५ पुरे. १५ च्या खाली जाऊ नका. झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा.

आणि परत हवा भरायला पंप? तो मी एकदा घरीच विसरलो होतो. परतीचा सगळा डांबरी रस्ता तीसच्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न खात काढला. आता गाडीत पहिला पंप जातो, मग तंबू.

रुतल्यावरची घाई

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इथेच सगळे उलट करतात: आणखी रेस देतात, चाक स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. एकदा पोट टेकलं की चारही चाकांची ताकद फुकट. खाली उतरा, पोटाखालची वाळू उपसा, प्रत्येक चाकापुढे उतार करा, हवा आणखी थोडी सोडा, मग लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) हळू. पुष्कळदा पुढे रेटण्यापेक्षा आल्या चाकोरीने मागे येणं सोपं जातं, कारण ती वाळू आधीच दबलेली असते.

जॅक नुसत्या वाळूवर टेकवला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. जाड फळी जवळ ठेवा.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर ओढायचा पट्टा टो बॉलला, म्हणजे गाडीमागच्या लोखंडी गोळ्याला, कधीही अडकवू नका. तो ट्रेलरसाठी असतो. झटक्याने तुटला तर गोळीसारखा उडतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) पक्का बसवलेला, ओढण्यासाठीच दिलेला हुक वापरा आणि बघ्यांना लांब पाठवा.

जागा निवडताना

सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पोहोचा. अंधारात निवडलेली जागा सकाळी बघून घाम फुटतो. सपाट आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून कोरड्या ओढ्याचं पात्र मोह घालतं. पण डोक्यावर चांदणं असताना वरच्या अंगाला पडलेला पाऊस रात्री खाली येतो. वाहतं पाणी ३० सेंटीमीटर असलं तरी छोटी गाडी उचलतं, ६० सेंटीमीटरला बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो.

उंच वाळक्या गवतातही गाडी उभी करायची नाही. नुकत्या थांबलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा, गाडीखालचा तापलेला भाग) गवत पेटवू शकतो. वर वाळकी फांदी लोंबतेय का, तेही बघा. आधी वापरलेली, दबलेली जागा असेल तर तीच घ्या. नवी झुडपं तुडवू नका, रस्ता अडवू नका. गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडे ठेवा.

मुक्कामातल्या बारीकसारीक चुका

पाणी माणशी रोज ४ लिटर धरा, उन्हात जास्त, आणि दोन-तीन कॅनमध्ये विभागून न्या. एकच कॅन गळला की ट्रिप संपली. शौचाचा खड्डा १५-२० सेंटीमीटर खोल, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर. कागद पिशवीत परत आणा. विस्तवावर वाळू टाकली म्हणजे तो विझत नाही, खाली निखारे तापलेलेच राहतात. पाणी ओता, ढवळा, हाताला गार लागेपर्यंत.

थंडी वाजते म्हणून तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवणं ही मात्र बारीक चूक नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही.

फ्रीज रात्रभर गाडीच्या मुख्य बॅटरीवर चालवला की सकाळी सेल्फ नुसता टिकटिकतो. एकटी गाडी असेल तर जंपर केबलचा उपयोग शून्य. चार्ज केलेला जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करून देणारी छोटी बॅटरी, ठेवा.

कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरच्या एकाला सांगून निघा. अडकलात तर गाडी सोडून पायी निघू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

डांबर लागलं की आधी टायर भरा आणि गाडी टू-व्हीलवर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर, आणा. पार्ट-टाइम फोर बाय फोर (जिच्यात चारही चाकांची ताकद गरजेपुरतीच जोडायची असते) कोरड्या डांबरावर तशीच चालवली, तर वळणावर गिअर आखडतात आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) काम निघतं.