जुन्या डेस्कटॉपमध्ये 4 टीबीची जादा हार्ड डिस्क: माझा अनुभव

फोटोंसाठी घरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये 4 टीबीची हार्ड डिस्क बसवली. मदरबोर्डवर साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायची जागा) रिकामा होता, पण पॉवर सप्लायला साटाची वायर उरली नव्हती. मग मोलेक्स-टू-साटा कन्व्हर्टर (जुन्या प्रकारच्या पॉवर वायरला साटाचं टोक देणारा जोड) लावला. तो घेताना कनेक्टर नीट बघाच: वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेले कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळू शकतात. वायर दाबून बसवलेला, मागचं झाकण निघणारा घ्या. इथे काटकसर नको.

डिस्क बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) दिसली, ‘धिस पीसी’मध्ये मात्र नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर ‘नॉट इनिशियलाइज्ड’, म्हणजे डिस्क अजून वापरासाठी तयार केलेली नाही. तिथे जीपीटी (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडलं, कारण एमबीआर या जुन्या पद्धतीत 2 टीबीपुढची जागा वापरता येत नाही. बायोस जुना असला तरी अडत नाही. कारण विंडोज आधीच्याच डिस्कवरून सुरू होते. मग ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ हा पर्याय, एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत), आणि 3.63 टीबी जागा हाताशी (4 टीबीच, विंडोज फक्त वेगळ्या हिशोबाने मोजते)!