पासिंगच्या आधी दिव्यांच्या या चुका टाळा

व्यावसायिक गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, पहिली 8 वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. खासगी कारला 15 वर्षांनंतर. म्हणजे तारीख कधीच अचानक येत नाही. तरी सोलापुरात आदल्या संध्याकाळी माझ्याकडे गाडी आणून लावणारे कमी होत नाहीत. "नुसता बल्ब टाका, सकाळी आरटीओत जायचंय." घाई असली की माणूस हमखास चुकीची वस्तू विकत घेतो.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते अर्थ, म्हणजे दिव्यातून करंट चेसीवाटे बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी, न तपासल्यामुळे. एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे वाहणारा एक टेम्पो माझ्याकडे आला होता. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही मिणमिणायचा. मालकाने आधी बल्ब बदलले, मग होल्डर, शेवटी अख्खा टेल लॅम्प. दोष तसाच. मी बॅटरीच्या मायनसवरून एक लांब वायर थेट लॅम्पच्या अर्थला जोडली आणि सगळे दिवे नीट पेटले. चेसीवरचा अर्थचा स्क्रू काढला तर खाली गंजाची पापडी, आणि तिच्यावर पासिंगसाठी नुकताच मारलेला रंग. करंटला परतायला वाट नव्हती, म्हणून तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढत होता. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावलं, स्क्रू आवळून वर ग्रीस लावलं. काम संपलं. म्हणून सांगतो, एक दिवा लावल्यावर दुसरा मंद पेटत असेल तर बल्बच्या दुकानात जाऊ नका, आधी अर्थ बघा. आणि गाडीला रंग मारून आणलात तर सगळे दिवे पुन्हा एकदा तपासा.

दुसरी चूक मला खरोखर संताप आणते: हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब कोंबणं. तो रिफ्लेक्टर एच-4 बल्बच्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. उजेडाची जागा बदलली की डिपरवरही (खालच्या झोतावरही) उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गळीत हंगामात पंढरपूर रोडला रात्री गाडी चालवून बघा. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही, आणि समोरच्याच्या एलईडीने डोळे दिपलेले. "पासिंगपुरते जुने बल्ब घाला, आल्यावर परत एलईडी लावू," असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. 60/55 वॉटच्या बल्बच्या जागी 100/90 वॉटचा टाकणाऱ्यांचं होल्डर वितळतं, वायरिंग काळी पडते. उजेड कमी वाटत असेल तर पिवळी पडलेली काच पॉलिश करा आणि होल्डरला पुरेसा व्होल्टेज येतो का ते मोजा.

डिपरचा झोत मी भिंतीवर बघतो. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटर. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने बल्ब लवकर जातो.

इंडिकेटर भरभर टिकटिकला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. फ्लॅशर (दिवा उघडझाप करणारा रिले) बदलायची गरज नाही.

फ्यूज उडाला तर मोठा टाकू नका, वायर कुठे घासतेय ते शोधा.

नंबर प्लेटचा आणि रिव्हर्सचा दिवा बहुतेक जण विसरतात. व्यावसायिक गाडीला रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी हवी, आणि ती धुतलेल्या, कोरड्या पत्र्यावरच चिकटवा.